बिनवायरचं मशीन

९ मार्च

पुन्हा लिहायला घेतलं. सासऱ्यांकडे राहायला आल्यापासून डायरी सुटली होती. आधी सामान लावण्यात आणि मग लेकीसाठी, भिंगरीसाठी, नवी बालवाडी शोधण्यात दिवस गेले. आता लिहायचं कारण साधं आहे. मला एक ड्रिल मशीन घ्यायचं आहे, बिनवायरचं, बॅटरीवर चालणारं, आणि त्याबद्दल घरात कुणीही ऐकून घेत नाही. बायको म्हणाली, "लग्नाआधी माझी तरी एवढी चौकशी केली होतीस का?"

मशीन हवं आहे बाथरूमच्या दारासाठी. म्हणजे दारच नाहीये. नोव्हेंबरात सासूबाई आत पडल्या, आतून कडी होती, शेजारच्या काकांनी पहारीनं दार फोडलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. तेव्हापासून चौकटीला पडदा आहे. सासऱ्यांनी स्वतः शिवला. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, त्यामुळे पडदा झकास आहे, जाड, दुहेरी कापडाचा, वाऱ्यानं उडू नये म्हणून खालच्या दुमडीत वजनं घातलेला. पण पडदा तो पडदा. मी अंघोळीला गेलो की मोठ्यानं गात राहतो, कुणी आत येऊ नये म्हणून. संडासाला वेगळं दार आहे, एवढी देवाची कृपा.

सुताराला सांगितलं तर म्हणतो, दार करून देईन, बसवायला माणूस नाही. ठीक आहे. मी बसवतो.

१२ मार्च

खरी गोम अशी आहे की ही मशीनं घ्यायची म्हणजे नुसतं मशीन घ्यायचं नसतं. बॅटरी ज्या कंपनीची, पुढची सगळी अवजारं त्याच कंपनीची घ्यावी लागतात. दुसऱ्याची बॅटरी ह्याला बसत नाही. एकदा घरात आणलं की जन्माची सोयरीक. म्हणून मी घाई करत नाहीये.

कवळ्या बनवण्याच्या माझ्या कामात दिवसभर बारीक मोटर हातात असते. टोक किती डुगडुगतं आणि आवाज कुठं जड होतो हे मला कानानं कळतं. प्रयोगशाळेतल्या जोडीदाराकडून त्याचं लाल मशीन दोन दिवसांसाठी मागून आणलं. तब्येतीनं दणकट आहे. टोक अजिबात हलत नाही.

नवल म्हणजे सासऱ्यांनी त्यात लक्ष घातलं. एरवी हा माणूस दिवसभर शिवणयंत्रापाशी बसून असतो. यंत्रावर काम नसतं, नुसता चाकावर हात ठेवलेला. आज उठून आले. मशीन उचललं, दोन्ही हातांनी धरलं, मग एका हातानं. मनगट लगेच खाली गेलं.

"जड आहे," म्हणाले.

मग मागच्या अंगणात गेले आणि एक फुटकी फळी घेऊन आले. पिवळा रंग दिलेली, एका बाजूला उभी चिरलेली. तिच्यावर जुनी लांब पट्टीची बिजागरी तशीच होती, तिच्यावरही तोच रंग, रंगाचे इतके थर की स्क्रूच्या खाचा बुजून गेलेल्या.

"हा स्क्रू काढून दाखवा," म्हणाले.

मी काढायला गेलो तर टोक सारखं घसरायला लागलं. म्हटलं, "बाबा, आधी खाचेतला रंग खरवडून घ्यायला हवा."

"तेवढा वेळ नसतो."

मला हसू आलं. म्हटलं, "आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?"

त्यांनी फळी परत नेऊन ठेवली. पण मला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कशात तरी रस घेतला त्यांनी. बायकोला सांगितलं तर ती तोंड फिरवून भांडी लावत बसली.

१६ मार्च

आमच्या खोलीच्या दाराची कडी निखळून पडली. निखळली म्हणजे जागेवर नाहीच. केरात गेली असेल. भोकं तेवढी राहिलीत. हे घर बांधलं तेव्हा लाकूड ओलं वापरलं असणार. आता वाळून आकसलं, स्क्रूंना पकड राहिली नाही. एकूण मशीनची गरज वाढतेच आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण बोललो तर भांडण होईल. सासऱ्यांना बंद दार वाजवायची सवय लागली आहे. कुठलंही बंद दार दिसलं की बोटाच्या पेरानं टकटक. आतून "हं" म्हटलं की पुढे जातात. काम काहीच नसतं. काल मी संडासात असताना दोनदा झालं. दुसऱ्यांदा मी चिडून गप्प राहिलो, तर दारावर थाप पडली, मग दोन्ही हातांनी दणादण. मी ओरडलो, "अहो, आहे आत!" बाहेर आलो तर भिंतीला टेकून उभे होते. चेहरा पांढराफटक. मला वाटलं त्यांनाच घाईची लागली असेल. बाजूला झालो, तर आत गेलेच नाहीत.

२० मार्च

आज मशीन घेतलं. त्याची हकीकत.

हार्डवेअरवाल्यानं काउंटरवर तीन रंग मांडले, हिरवं, निळं आणि काळं. माझं मन निळ्यावर होतं. कान लावून ऐकलं, आवाज रेशमासारखा. दुरुस्तीचं दुकानही जवळ. सासरे बरोबर आले होते, स्वतःहून. भिंगरी त्यांचं बोट धरून.

मी दुकानदाराला ताकदीचं विचारत होतो, हे मधेच म्हणाले, "वर्षभर तसंच पडून राहिलं आणि एकदम लागलं, तर चालू होईल का?"

दुकानदार म्हणाला, "आजोबा, वर्षभर वापरायचंच नसेल तर घेताय कशाला?"

"चालू होईल का, तेवढं सांगा."

"बॅटरी उतरते थोडी थोडी. पण भरून ठेवलीत तर होईल."

मग विचारलं, पुढे दिवा कुणाला आहे. तिघांनाही होता. मग ज्याचा दिवा खाली कोपऱ्यात पडतो ते कुठलं. मग प्रत्येक मशीन उजव्या हातात घेऊन हात वर, मग हात गुडघ्यापाशी, वाकून, असं धरून पाहिलं. दुकानात उभी असलेली माणसं बघायला लागली. मला जरा लाजल्यासारखं झालं. शेवटी काळं उचललं. सगळ्यांत हलकं. ताकद निळ्याहून कमी, टोकही किंचित हलतं.

मी म्हटलं, "बाबा, दारासाठी निळंच बरं पडेल."

म्हणाले, "हे माझ्या हाताला पेलतं. आणि दोन बॅटऱ्या द्या. एक कायम भरलेली राहिली पाहिजे."

पैसे त्यांनीच काढून दिले. मी काय बोलणार? इतके दिवस तपासलेलं सगळं पाण्यात गेलं. परत येताना वाटेत मात्र छान वाटलं. ते पिशवी छातीशी धरून चालले होते, आणि भिंगरी म्हणत होती, "आजोबांनी बाळ आणलं."

२३ मार्च

सुट्टीचा पूर्ण दिवस कामाला लागला. आमच्या खोलीला नवी कडी, सामानाच्या खोलीलाही (तिचीही निखळली होती). लांब स्क्रू वापरले. आता हत्ती आला तरी निघायच्या नाहीत. काळं मशीन वाटलं त्याहून गुणी निघालं. आपण उगाच रंगावर जातो.

सासऱ्यांनी बाथरूमच्या चौकटीशेजारी भिंतीत खिळा ठोकला आणि मशीन त्याला लटकवलं. मी म्हटलं, कपाटात ठेवू, पाण्याची जागा आहे. नाही म्हणाले. रोज सकाळी उठल्याबरोबर बॅटरी चार्जरला लावतात. भरलेलीच असते. बरोबर आलेल्या पुस्तिकेत रोज लावायची गरज नाही असं लिहिलंय, ते वाचून दाखवलं. "हं," म्हणाले आणि लावली.

म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा हवाच असतो.

२७ मार्च

दोन्ही कड्या गेल्या.

निघाल्या असं म्हणवत नाही. मी बसवल्या होत्या, माझ्या हातानं, लांब स्क्रूंनी. कामावरून आलो तर दारावर फक्त भोकं. खाली लाकडाचा भुसाही नाही.

बायको आमच्या खोलीच्या दारासमोर उभी होती. म्हटलं, "माझंच चुकलं असणार. मशीनच्या क्लचचा, म्हणजे आवळायच्या जोराचा, आकडा कमी ठेवला, स्क्रू पूर्ण आवळले गेले नाहीत."

ती म्हणाली, "मग स्क्रू कुठे आहेत?"

भिंगरी खाली बसून चित्र रंगवत होती. वर न बघता म्हणाली, "आजीला कडी आवडत नाही."

बायकोच्या हातातली पिशवी खाली पडली. "कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. आजी अडकते ना."

लहान मुलांच्या कानावर काय काय पडतं, आणि त्यातून ती काय काय जुळवतात! मी तिला बाहेर झोपाळ्यावर घेऊन गेलो. परत आलो तर बायको तिथंच होती, त्या भोकांवरून बोट फिरवत.

३० मार्च

बायकोनं आज सांगितलं. गेल्या आठवड्यात डोकं दुखत होतं म्हणून दुपारी कामावरून लवकर आली होती. सासरे खोलीत झोपलेले असावेत, घर सामसूम. चप्पल काढताना तिला आतून घरघर ऐकू आली, थोडीशी, मग थांबली. तिनं हाक मारली. उत्तर नाही. बाथरूमपाशी गेली तर पडदा हलत होता.

"आई आहे रे घरात," म्हणाली. "माझ्यावर रागावली आहे."

कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. अशा वेळी विचारलं की वाढत जातं. म्हटलं, शेजारच्या काकूंकडचा मिक्सर असेल.

ती अलीकडे फार थकलेली दिसते. फोन क्षणभर नजरेआड करत नाही. पूर्वी हिला फोन करायचा म्हणजे नशीब आजमावण्यासारखं होतं, दहादा करा तेव्हा एकदा उचलणार. आता पहिल्या घंटीला उचलते, कुणाचाही. परवा साहेबांसमोर बैठकीत उचलला, त्यावरून बोलणी खाल्ली. कुणीतरी पडदे शिवून घेण्याबद्दल विचारत होतं म्हणे, चुकीचा नंबर. मी गमतीनं म्हटलं, "एवढी तत्परता मला कधी दाखवली नाहीस." तर डोळ्यांत पाणीच आलं. मला कळेना, एवढं काय लागलं.

३ एप्रिल

सुतारानं दार आणून टाकलं. साधं, पांढरं, बाहेर उघडणारं. मी दोन दिवसांत बसवतो म्हटलं. सासऱ्यांनी टेप घेतली, चौकट मोजली, दार मोजलं आणि म्हणाले, "बसत नाही. दोन बोटं कमी आहे."

मी मोजलं. तंतोतंत होतं.

"पुन्हा मोजा," म्हणाले. सदऱ्याच्या बाहीत आयुष्यात कधी चूक न केलेला माणूस! मी पुन्हा मोजलं, दाखवलं. त्यांनी टेप गुंडाळली आणि गेले. संध्याकाळी बघतो तर दार भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं, वरून चादर टाकलेली. ओसरीत कुणीतरी उभं असावं तसं दिसतं. भिंगरी त्याच्याजवळून जाताना पळत जाते. खरं सांगायचं तर मीही पावलं उचलून जातो.

६ एप्रिल

आज जमेल तसं लिहितो.

दुपारी जेवण झालं. सासरे आडवे झाले. बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर, मी अंगणात, जुन्या फळ्या एका बाजूला लावत होतो. भिंगरी आत खेळत होती. मी पाणी प्यायला आत आलो तर घर शांत. हाक मारली. पलंगाखाली बघितलं, पडद्यामागे, सामानाच्या खोलीत. मग पुढच्या खोलीत आलो, तर बाहेरचं दार सताड उघडं.

त्या दाराला वर कडी असते. भिंगरीचा हात खालच्या कुलपापर्यंत पोचतो, ते तिला फिरवताही येतं, म्हणूनच आम्ही वरची कडी कायम लावतो. वरची कडी नव्हती.

मी कसा धावलो ते आठवत नाही. बायको गच्चीवरून तशीच अनवाणी खाली आली. ती डावीकडे, मी उजवीकडे. पुढे मोठा रस्ता आहे, ट्रक जातात. मी प्रत्येक थांबलेल्या गाडीखाली वाकून बघत होतो. एका बाईनं विचारलं काय हरवलंय, तर मी नुसता हात कमरेएवढा धरून दाखवला.

बेकरीत सापडली. रस्त्याच्या पलीकडे. म्हणजे रस्ता ओलांडला होता. काउंटरच्या आत स्टुलावर बसून पावाचा तुकडा खात होती. बेकरीवाल्या बाईंनी सांगितलं, "एकटीच आली. म्हणाली, आजीला शोधतेय, आमच्याकडची दारं आता सगळी उघडी आहेत."

घरी आलो. बायकोनं तिला असं आवळून धरलं होतं की ती रडायला लागली. मी दाराजवळ गेलो. निखळलेली कडी लाकूड ओरबाडते, भोकाच्या कडा फाटतात. इथं कडा स्वच्छ होत्या आणि आतमध्ये मेण भरून बोटानं सारखं केलेलं होतं. कवळीत मी भरतो तसं. किती दिवस मी अशाच भोकांकडे बघतोय.

मागून आवाज आला, "ती मी काढली."

सासरे उभे होते. पायात चप्पल एकच.

बायको किंचाळली, "बाबा!" मग बराच वेळ काय काय बोलली. ट्रक, पोर, वेड, उद्याच्या उद्या इथून जायचं, तुम्ही राहा तुमच्या उघड्या घरात. ते ऐकून घेत होते. शेवटी फक्त म्हणाले, "तिचा हात पोचतो हे माझ्या लक्षात आलं नाही." आणि खोलीत गेले. दार लोटलं नाही.

७ एप्रिल

आज कामावर गेलो नाही. बायको भिंगरीला घेऊन मैत्रिणीकडे गेली आहे, संध्याकाळी येते म्हणाली. बॅगा काढून ठेवल्यात पण भरलेल्या नाहीत.

सासऱ्यांच्या खोलीत गेलो. शिवणयंत्रापाशी होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी यंत्राचा खण ओढला. आत कापडाच्या छोट्या पिशव्या होत्या, नीट शिवलेल्या, प्रत्येकीला नाडी. एक उघडून दाखवली. कडी, आणि तिचे स्क्रू. दुसरीतही तेच. सगळ्या कड्या होत्या, एकही स्क्रू हरवलेला नव्हता.

"परत लावता येतील," म्हणाले. "मी मोडलं काही नाही."

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी काय झालं? काकांनी दार फोडलं एवढंच मला माहीत आहे."

"काका नंतर आले."

मग बोलले. मी मधे बोललो नाही, तसं लिहितो.

"ती पडली तेव्हा शुद्धीवर होती. मला म्हणाली, पाय सरकला, उठता येत नाही, कडीपर्यंत हात पोचत नाही. मी म्हटलं, थांब, बिजागऱ्याच काढतो, बाहेरूनच आहेत. माझ्याकडे काय, ह्या यंत्राचा स्क्रूड्रायव्हर, बोटाएवढा. स्क्रूवर रंग बसलेला. तो रंगही मीच दिला होता, ती नको म्हणत असताना, लोखंडाला कशाला रंग म्हणत होती. खाच सापडेना. सापडली तर मनगट फिरेना. आणि ती आतून म्हणते, घाई करू नका, हाताला लागेल. मग म्हणाली, थंडी वाजतेय. खालच्या फटीतून टॉवेल सरकवायला गेलो, तो जाईना. काकूंना हाका मारल्या, त्या घरी नव्हत्या. पोरीला फोन केला, दोनदा. ती कामात होती. कामाच्या जागी नाही उचलता येत. परत स्क्रूकडे आलो."

"डॉक्टरांना, कुणाला..."

"सुचलं नाही हो. मला स्क्रूच दिसत होते. एक निघाला. तो निघाला तेव्हा मी तिला सांगितलं, एक निघाला बघ. तेव्हा ती काही बोलली नाही."

बाहेर कुणाची तरी सायकल वाजत गेली. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. जे तोंडात आलं ते म्हणालो, "त्या लाल मशीननंसुद्धा निघाला नव्हता, बाबा. माझ्या हातून निघाला नव्हता. तुम्ही बघितलंत."

"हं. बघितलं." थोडा वेळ खणातल्या पिशव्या सारख्या करत राहिले. "पण हे काळं मशीन असतं तर निघाला असता. मी काढून बघितलेत. त्या फळीवरचे सगळे निघाले. आधी रंगावर ठोकायचं, मग टोक दाबून धरायचं."

मला वाटत होतं, ते दुपारी झोपतात.

८ एप्रिल

बायकोला सगळं सांगितलं, जसंच्या तसं. फोनचं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "काय म्हणाले? नक्की काय म्हणाले?" मी म्हटलं, म्हणाले की ती कामात होती. ती उठून गॅलरीत गेली. मी मागे गेलो नाही. तिला एकटीला रडायचं असेल असं वाटलं.

बॅगा परत माळ्यावर गेल्या. कुणी ठेवल्या माहीत नाही. मी ठेवल्या नाहीत.

११ एप्रिल

दार बसवलं. तिघांनी मिळून.

कडी आणायला सासरे आणि मी गेलो होतो. हार्डवेअरवाला त्यांना बघून आधी बिचकला. आम्ही अशी कडी मागितली जी आतून लागते पण बाहेरून एखाद्या नाण्यानंही फिरवता येते. होती त्याच्याकडे. सासऱ्यांनी दुकानातच बसवून, लावून, फिरवून बघितली, खिशातलं नाणं काढून, डाव्या हातानंसुद्धा. मग बाहेरच्या दाराला साखळी घेतली, भिंगरीचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. ती उंची त्यांनीच तिला भिंतीला उभी करून मोजली.

दाराचे स्क्रू त्यांनी लावले. मी फक्त दार धरून उभा होतो. बायको खालून पाचर सरकवत होती. मशीन त्यांच्या हातात अजिबात हललं नाही. मी इतकी वर्षं बारीक मोटर चालवतो, पण असा शांत हात माझाही नाही. शेवटचा स्क्रू बसल्यावर म्हणाले, "ह्यांच्यावर कुणी रंग द्यायचा नाही."

दार बसलं, पण वापरेना कुणी. दिवसभर तसंच उघडं. मी अंघोळ केली ती दार नुसतं लोटून, गात गात.

१४ एप्रिल

आज सकाळी बायको टॉवेल घेऊन बाथरूमसमोर उभी राहिली. सासरे वर्तमानपत्र वाचत होते. ती म्हणाली, "बाबा, खुर्ची घेऊन इथं बसा. मी कडी लावणार आहे. आतून बोलत राहते."

ते आले. मशीनच्या बरोबर खाली खुर्ची मांडली. मी भिंगरीचे केस विंचरत होतो, ओसरीत, तिथून सगळं दिसत होतं. ती आत गेली. कडी लागली. तो आवाज इथं किती दिवसांनी झाला. सासऱ्यांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले.

ती बोलायला लागली. पाणी किती गरम आहे, साबणाची वडी किती उरली आहे. साहेब कसे चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात. भिंगरीच्या बाईंनी तिला वर्गात चार वेळा जागेवर बसवलं. पाण्याचा आवाज, मग ती, मग पाणी. ती क्षणभर थांबली तरी ह्यांची मान वर व्हायची.

असं बराच वेळ चाललं. मग सासरे हळूच उठले. मला वाटलं, मशीन काढतायत. पण ते स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला. स्वयंपाकघर बाथरूमला लागूनच आहे. मी भिंगरीला सोडलं आणि जाऊन त्या खुर्चीत बसलो. तिला बाहेर कुणीच नाही असं व्हायला नको.

आणि ती आतून म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी कामात नव्हते."

पाणी चालूच होतं.

"जेवायची सुट्टी होती. फोन समोर टेबलावर होता. दोन्ही वेळा तुमचं नाव बघितलं मी. म्हटलं, विजेचं बिल कुठं ठेवलंय असलंच काहीतरी असेल, घरी जाऊन करू. मैत्रीण कसली तरी गंमत सांगत होती. मी हसत होते, बाबा."

ह्या काही महिन्यांतलं एकेक मला तेव्हा उमगायला लागलं. पहिल्या घंटीला उचललेला फोन, साहेबांची बोलणी. आई रागावली आहे, हे वाक्य. मी म्हटलं होतं, मिक्सर असेल. मला उठावंसं वाटलं, बोलावंसं वाटलं, पण हे माझ्यासाठी नव्हतंच, आणि ज्याच्यासाठी होतं तो माणूस तिथं नव्हता. मी खुर्चीच्या कडा धरून बसून राहिलो.

"बाबा?" ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "बाबा, आहात ना?"

"आहे गं."

सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात दोन कप. कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी, दाराशीच बोलले.

"माझं नेहमी बिलाचंच असतं. तू काय करणार? आणि उचलला असतास तरी मी काय सांगणार होतो तुला, स्क्रू निघत नाही म्हणून? एवढ्या लांबून?" थांबले. "मलाही ते माहीत होतं, जेवायची वेळ आहे. म्हणूनच तेव्हा केला होता."

आत पाणी बंद झालं.

मग काहीच नाही. ना पाणी, ना बोलणं. सासऱ्यांच्या हातातला चहा सांडत होता. मी उभा राहिलो. त्यांनी खिळ्यावरच्या मशीनकडे हात नेला नाही, दारही वाजवलं नाही.

"चहा झालाय," एवढंच म्हणाले. "घाई नाही. सावकाश ये."

थोड्या वेळानं आतून कडी निघाली.